पलीकडच्या बाजूचा आवाज

दिवा राहू दे रे, मालवू नकोस. आणि मध्येच कुणी हसायचं नाही. आमच्या कारखान्यात एक टर्नर होता, माझ्या शेजारच्याच लेथवर. त्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे. थापा मारणारा माणूस नव्हता तो.

मागच्या डिसेंबरातला पहिला शनिवार. पाळी सुटल्यावर तो दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. एक वस्तू तयार झाली होती, ती आणायला.

त्याचं असं होतं. बायको जाऊन वर्ष होत आलेलं. मुलगी लग्न होऊन परगावी. घरात हा एकटा. आणि रात्री त्याला आवाज यायचा. करकर, करकर. दातांवर दात घासल्याचा. आवाज ओळखीचा होता. त्याची बायको झोपेत दात खायची. जन्मभर. आणि हा काय करायचा? "गप झोप की जरा!" म्हणून खेकसायचा. पुढे तर गादी उचलून बाहेरच्या खोलीत गेला. सकाळी ती गाल चोळत चहा टाकायची, कानशिलं ठणकतात म्हणायची. हा म्हणायचा, "बाम लाव."

ती गेल्यावर मात्र तो परत आतल्या पलंगावर झोपायला लागला, आपल्या बाजूला. आणि तेव्हापासून तो आवाज.

मग त्याच्या दाढेचा टवका उडाला, म्हणून दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी जबडा चाचपला. म्हणाल्या, "काका, झोपेत दात खाताय तुम्ही. दाढा बघा, घासून सपाट झाल्यात."

"मी? छे हो. ते आमच्या हिचं..."

"खाणाऱ्याला बहुतेक कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला कळतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मनावर ताण असला की पुष्कळदा तो असा जबड्यात उतरतो. रात्री लावायला कवच करून देते, दात वाचतील. संध्याकाळनंतर चहा बंद. आणि काका, मनातलं कुणाशी तरी बोला."

तर ते कवच घेऊन तो घरी निघाला. भूतबीत काही नाही, आपलेच दात! रस्ताभर स्वतःशीच हसला. घराचं कुलूप काढताना मात्र त्याला रडू फुटलं. म्हणजे ती तेवढीसुद्धा उरली नव्हती.

रात्री कवच बसवलं. दिवा घालवला. पडून राहिला. झोप येईना. टक्क जागा. दात दातांना लागत नव्हते.

आणि...

करकर.

त्याने श्वास धरला. दोन्ही हातांनी जबडा दाबला. जबडा हलत नव्हता.

करकर... करकर...

पलीकडच्या बाजूने.

उठून पळावं असं वाटलं. आणि मग, तो मला म्हणाला, भीती कुठल्या कुठे गेली रे. नुसती लाज वाटली. इतकी वर्षं तो आवाज ऐकला. एकदा विचारलं नाही.

त्याने कवच काढलं. अंधारात हात लांब केला. तिचा गाल असायचा तिथे तळवा उताणा ठेवला.

"दुखतंय का गं?"

आवाज थांबला.

"काय होतं तुझ्या मनात? सांग ना... मी खेकसणार नाही."

तो बोलत राहिला. रडत राहिला. तसाच झोपला.

सकाळी हात खांद्यापर्यंत बधिर. रात्रभर कुणी डोकं ठेवून झोपावं तसा. खिडकीशी नेऊन बघितला. तळव्याच्या मधोमध कानातल्या फुलाचा ठसा. पाकळ्या न् पाकळ्या. कातडीत रुतलेल्या.

तिची ती फुलं परगावी आहेत, लेकीच्या कानात.

सोमवारी डबा खाताना त्याने माझ्यापुढे हात धरला. एवढ्या वेळात कसलाही वळ जातो.

मी त्यावरून बोट फिरवलं. खोल होता.