पडद्याची हाळी

"अजमल माझ्या पलटणीतला. खोटं बोलायचा न्हाई," लालासाहेब तात्या म्हणाले. जेवणं झाली होती, आम्ही पोरं अंगणात बसलो होतो. शिवतेजनं मोबाईल पालथा ठेवला.

गेल्या पौषातली अमावस्या. फलटणचं जुनं थिएटर दुसऱ्या दिवशी सकाळी पाडायचं होतं. मूकपटांच्या काळातलं, पत्र्याचं. तिथं आता कॉम्प्लेक्स होणार! अजमलचे आजोबा तिथं सिनेमाचं मशीन चालवायचे. ते मशीन भंगारात जाऊ नये म्हणून अजमल मालकाकडून किल्ली घेऊन रात्री साडेदहाला एकटाच गेला.

आत वीज तोडलेली. मशीनच्या खोलीची वाट बायकांच्या बाकांमधून. पूर्वी तिथं बायका आणि पुरुषांच्या मध्ये कापडी पडदा असायचा. खेळ सुरू होऊन अंधार झाला की बायका तो बाजूला सारायच्या. दिवे लावायच्या आधी दारवान "पडदाऽऽ" अशी हाळी द्यायचा, की लगेच ओढून घ्यायच्या. कापड केव्हाच गेलं होतं. वर नुसती सळई.

अजमलनं बॅटरी लावली. विझली.

सेल काढून पुन्हा बसवले. लावली. विझली.

बाक करकरलं.

"कोण हाय?"

...

"आवं, कोण हाय तिकडं?"

त्यानं पुन्हा बटण दाबलं. तेवढ्यात अगदी कानाशी बाईचा आवाज आला.

"काय रं, तुझ्या घरात बायका न्हाईत व्हय?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं.

"पळाला आसंल," शिवतेज म्हणाला.

"पाय तर दाराकडंच वळलं व्हतं. पर सकाळी जेसीबी येनार. आज्याचं मशीन ढिगाऱ्यात सोडायचं व्हय रं?"

अजमल जागीच थांबला. मग त्याच्या ध्यानात आलं, आपण न सांगताच उजेड करतोय.

"पडदाऽऽ..."

अंधारात सळईवर पडद्याच्या कड्या सरकल्या. खर्रर्र... या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

मग शांत.

त्यानं बॅटरी लावली. लागली.

सळई मोकळी. बाकं मोकळी.

त्यानं भराभरा बोल्ट काढले. मशीन खांद्यावर घेतलं. परत निघाला. उजेड मधल्या बाकावर पडला. बोटभर धूळ... आणि त्या धुळीत सांडलेलं दूध. लेकराच्या तोंडातून ओघळावं, एवढंच.

त्यानं वाकून बोट लावलं.

तात्यांनी बोटावर अंगठा घासला.

"मांजराबिंजरानं सांडलं आसंल, तात्या," शिवतेज म्हणाला. आवाज मात्र बारीक झाला होता. "कवाचं तरी शिळं..."

"कोमट व्हतं," तात्या म्हणाले.