मागच्या डाव्या चाकाचे पाटे

डॉजची बॉडी उचलायची तर रविवारच बरा, असं छगन मिस्त्रीने ठरवलं, कारण आळीतली माणसं तेव्हाच सापडतात. धुळ्याला, देवपुरातल्या त्या अंगणात सकाळी सातलाच सहा जण जमले. सीटा, दारं, काचा आधीच काढून झाल्या होत्या. कडुनिंबाच्या जाड फांदीला साखळीची कप्पी बांधली, नारळ फुटला, आणि भटू बाह्या सारून पुढे झाला. साल एक्याण्णव.

गाडी भटूच्या थोरल्या भावाची, उखर्डूची. धुळे-साक्री टॅक्सी चालवायचा तो. सात वर्षांपूर्वी याच गाडीत, मागच्या सीटवर डाव्या अंगाला, बसल्या बसल्या गेला. साक्रीत छातीत कळ आली, भटूने त्याला गाडीत घातला, आणि माळावर गाडी बंद पडली. बॉडीखालची पेट्रोलची नळी फुटली, कशीबशी पट्टी गुंडाळायला तास गेला... असं भटूने सांगितलं, नि सगळ्यांनी मानलं. उखर्डूची बायको तानुबाई तर दिराचे हात धरून रडली. तेव्हापासून भटू तिच्याच घरात राहत होता, तिच्या हातचं खात होता. गाडी नीट झाली की ती त्याच्याच नावावर करणार होती बिचारी.

खरं काय ते सांगून टाकतो. नळीबिळी काही फुटली नव्हती. भटूने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि विडी पेटवली. जन्मभर भावाची गाडी पुसून त्याला वीट आला होता. मागून काचेवर टकटक होत होती. ती थांबेपर्यंत त्याने तीन विड्या ओढल्या. असला हा माणूस! वर घरी येऊन छाती पिटली. पण खोटं सात वर्षं घोळवलं की सांगणाऱ्यालाही ते खरं वाटायला लागतं.

"हां भाऊ, लावा जोर!"

साखळी खडखडली. बॉडी चासीच्या लोखंडी सांगाड्यावरून सुटली आणि अधांतरी डोलू लागली. माणसांनी खालची उघडी चासी ढकलून उन्हात काढली. एवढा बोजा उतरल्यावर चारी चाकांवरच्या स्प्रिंगा उसळून वर यायला हव्यात. तीन चाकांच्या आल्या. मागच्या डाव्या चाकाच्या स्प्रिंगचे पाटे दबलेलेच राहिले.

"जाम झाले असतील," भटू म्हणाला.

छगनने हातोडा मारला. पहार घालून उचकटून पाहिलं. तापल्या लोखंडाला आंबूस घामाचा वास येत होता. पहार टाकून तो दोन पावलं मागे सरला.

"भटूभाऊ... आठे कोनी बशेल शे का?"

इथे कुणी बसलंय का, या प्रश्नावर कुणी हसलं नाही.

तेवढ्यात तानुबाई चहाचं ताट घेऊन आली, आणि तिची नजर चासीवर गेली. पेट्रोलची नळी टाकीपासून इंजिनापर्यंत उघडी पडली होती. गंजलेली, पण सलग. ना सांधा, ना पट्टी. बॉडी निघाली की नळी दिसेल, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मिस्तरी, नळी कोठे फुटेल शे?"

छगनने टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. "कोठेच नही, अक्का. कारखानामातून उनी तशीच शे."

तानुबाई रडली नाही. भटूकडे बघितलंसुद्धा नाही. चासीच्या डाव्या कोपऱ्यापाशी गेली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि नवऱ्याशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "उठा... चहा थंडा व्हई राहिना."

पाटे कुरकुरले. गुडघ्यावर हात टेकून माणूस उठतो तसे सावकाश वर आले.

मिस्त्रीसकट सगळे अंगणाबाहेर पळाले. भटूही पळायला वळला, पण मागच्या खाटेला अडखळला. तो तिच्यावरच मटकन बसला. त्याच्या शेजारी खाटेची सुंभं आपोआप खोल खचली.

तानुबाईने एक कप भटूच्या हातात दिला. दुसरा खचलेल्या जागेसमोर धरला.

"भाऊजी, जरा सरकी बठा. त्यासले जागा द्या."

भटू सरकला. पार खाटेच्या काठापर्यंत सरकला.

"आजून," ती म्हणाली.