पुढे चाललेला कोयता

दोन जावा नवऱ्यांना घरी ठेवून परदेशी फिरायला गेल्या, इथेच लोक हसतात. पुढचं कोण खरं मानणार?

तरी सांगते. यात माझ्या पदरचं काही नाही.

गेल्या वर्षी मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई एका छोट्याशा बेटावरच्या देशात गेलो होतो. जंगल, धबधबे, समुद्र. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. जाऊबाई, म्हणजे माझ्या वहिनी, शाळेत पी.टी. शिकवतात. आठ दिवस कुणाचा डबा भरायचा नाही, एवढ्यावरच दोघी खूश होतो.

चौथा दिवस. सकाळचे अकरा. लख्ख ऊन.

रात्र नव्हती, हे मुद्दाम सांगते.

डोंगरावरच्या तळ्याकडे जाणारी पायवाट पावसात बुजली होती. आमचा वाटाड्या साठीचा, काटक, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा. हातात लांब कोयता. तो वेली तोडत पुढे जाणार, आम्ही मागून. निघतानाच त्यानं बजावलं होतं की मी दिसलो नाही तरी घाबरू नका, कोयत्याचा आवाज येतोय तोवर तुम्ही वाटेवर आहात.

खच्... खच्... खच्...

तासभर आम्ही त्या आवाजामागे चाललो. वहिनी पुढे, मी मागे. मला धाप लागलेली पाहून वहिनींनी ऐकवलं की माझी पाचवीतली पोरं तुझ्यापेक्षा बरी.

मग एक वळण आलं.

वळणावर वाटाड्या बसला होता.

कोयता मांडीवर. दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. चेहरा पांढराफटक.

आणि पुढच्या झाडीत...

खच्... खच्... खच्...

मला वाटलं, त्याचा कुणी सोबती असेल. तसं विचारलंही. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"अर्धा तास झाला," तो हळूच म्हणाला. "मी एकही वेल तोडलेली नाही. वाट तोडलेलीच मिळत गेली."

तो उठला. पळू नका, गुपचूप परत फिरा, असं त्यानं खुणेनं सांगितलं.

आम्ही वळलो.

आवाज थांबला.

पाखरं नाहीत. किडे नाहीत. पानसुद्धा हलेना...

आणि मग तो आवाज आला. आमच्या डाव्या बाजूला. हातभर अंतरावर.

खच्.

वाटाड्या किंचाळला. त्याची दोन बोटं माझ्या बुटापाशी पडली होती.

समोर कुणी नव्हतं. नुसती पुरुषभर उंच झाडी. पुढचा घाव त्याच्या पाठीत बसला. शर्ट फाटला, कातडी उघडली, आत हाड दिसलं. तो गुडघ्यांवर कोसळला. पाठीत आणखी एक घाव. मारणारा दिसत नव्हता... फक्त जखमा होताना दिसत होत्या.

मी रोज रक्त बघते. पण ते सुईतून येतं. हे उडत होतं. माझ्या तोंडात गेलं.

मी त्याच्या अंगावर आडवी पडले. कशी, आजही सांगता येत नाही. गळ्यातली ओढणी त्याच्या मनगटाला करकचून आवळली आणि डोळे मिटून घेतले.

वहिनींनी खाली पडलेला त्याचा कोयता उचलला आणि सरळ झाडीत घुसल्या.

मला फक्त ऐकू आलं. एक घाव. ओल्या मांसात रुतावा तसा.

मग थोडा वेळ काहीच नाही...

मग दुसरा.

वहिनी बाहेर आल्या. कोयत्यावर रक्ताचा थेंबही नव्हता.

त्याला दोघींनी कसा खाली आणला, ते आमचं आम्हाला माहीत. तो वाचला. पण आमचे पासपोर्ट पोलिसांनी काढून घेतले. वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच तेच विचारलं. कोयत्यावर वहिनींच्या बोटांचे ठसे होते. आता आपण काही घरी जात नाही, असं मी धरूनच चालले होते.

दोन दिवसांनी वाटाड्या शुद्धीवर आला. त्यानं जबाब दिला की कोयता आपल्याच हातून निसटला.

पाठीवर दोन घाव होते. स्वतःच्या पाठीवर कुणी वार करू शकतं का?

अधिकाऱ्यानं ते निमूट लिहून घेतलं. एकही उलट प्रश्न नाही. पासपोर्ट परत देताना त्यानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी आम्ही सांगितलं, वाटाड्याला अपघात झाला. विषय तिथेच संपला.

तीन महिन्यांनी, एका दुपारी, आम्ही दोघी गच्चीवर वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. वहिनी मान खाली घालूनच म्हणाल्या,

"तुला एक सांगायचं राहिलंय. झाडीत मी पहिला घाव घातला तेव्हा आतून कुणीतरी ओरडलं. वहिनी, नको, मी आहे, म्हणून."

"कोण?"

"तू. तुझाच आवाज होता."

मी तोंडातून शब्द काढला नव्हता. दात आवळून पडले होते. मी त्यांना तसं सांगितलं.

"ते मला बाहेर आल्यावर कळलं," त्या म्हणाल्या. "आत असताना मला वाटलं, तूच आहेस."

चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात होती. दोन माझ्या.

"दुसरा घाव मी त्यानंतर घातला."

का, ते मी विचारलं नाही. चादरीची घडी झाली. त्या खाली गेल्या.

आम्ही अजून एकाच घरात राहतो. माझ्या तापात रात्रभर उशाशी बसल्या त्या वहिनीच. माणूस वाईट नाही.

पण त्यांनी मागून हाक मारली की मी लगेच ओ देत नाही...

आधी वळते. त्यांचे हात बघते.

मग ओ देते.