कुरणात मधोमध राहिलेलं गवत

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल तर खुशाल पुढची पोस्ट वाचा, मला काही फरक पडत नाही. माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. भुताखेतांच्या गप्पा मारायला मला वेळ नसतो.

गेल्या महिन्यातला शनिवार. दिवस मावळायला आला होता. जागा... आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीमागचं कुरण.

टाकीच्या अलीकडे कॉलनीची बाग, पलीकडे हे कुरण. पाखरं, सरडे, ससे यांच्यासाठी मुद्दाम राखलेलं. दोन्हींची देखभाल करतात स्वयंसेवक. म्हणजे म्हणायला! खरं बघायची ती माझी ताई. बाकीची मंडळी हिरवे टी-शर्ट आणि कोरे हातमोजे घालून येणार, एक रोप दहा जणांनी धरणार, फोटो काढणार आणि चहाला पळणार. कुदळ कुठून धरायची हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांचा म्होरक्या कॅप्टन. फौजेतला वगैरे नाही हो. गळ्यात शिट्टी अडकवून फिरतो म्हणून कॅप्टन.

कुरणाचा नियम एकच. वर्षातून एकदा, बी झडल्यावर गवत कापायचं आणि सुरुवात मधून करायची. मधून कापत कडेला यायचं. म्हणजे आत जे काही राहत असेल, ते गवताच्या आडोशानं सरकत कुंपणापलीकडे निघून जातं. उलटं केलं, कडेनं कापत आत गेलं, तर ते मध्येच कोंडतं. उघड्यावरून पळायची त्याची छाती होत नाही.

सगळ्या टी-शर्टांना हे पाठ होतं.

पण त्या दिवशी कॅप्टननं ड्रोन आणला होता.

"कडेनं गोल गोल कापत जाऊ," तो म्हणाला. "मध्ये एक गोल उभा ठेवू. वरून काय फोटो येईल!"

ताई भडकली. "अहो, आणि आतल्या जिवांचं काय?"

"जीव आपापलं बघून घेतात हो, ताई."

टी-शर्ट खी खी हसले. मी गवत कापायचं मशीन चालू करून द्यायला गेलो होतो, कारण या शूरवीरांना त्याची दोरीसुद्धा ओढता येत नव्हती. कॅप्टन मशीन घेऊन गोल गोल फिरू लागला. नाकतोडे उडत होते. सगळे आतल्या बाजूला.

गोल लहान होत गेला. शेवटी एका खोलीएवढं गवत उरलं. कमरेएवढं उंच.

कॅप्टननं मशीन बंद केलं.

आणि माझ्या लक्षात आलं... रातकिडे गप्प झाले होते.

वारा नव्हता. पण गवत हलत होतं. आतून. काहीतरी कडेकडेनं गोल फिरत होतं... थांबत होतं... पुन्हा फिरत होतं.

"ससा असेल," एक टी-शर्ट म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"मी बाहेर काढते त्याला," ताई म्हणाली. "ढब्ब्या, तू इथंच थांब."

ढब्ब्या म्हणजे मी. लहानपणापासून जगात फक्त तीच मला असं म्हणते.

ती आत शिरली. गवत तिच्यामागे मिटलं.

मग हलायचं थांबलं.

"ताई?"



मी आत घुसलो. सगळं गवत बाजूला सारून पाहिलं. कोणी नव्हतं. बाहेर चहूकडे सपाट कापलेलं रान, त्यावर आम्ही सगळे उभे. ती जाणार कुठे?

हिरव्या टी-शर्टांनी काय केलं सांगू? गाड्यांच्या किल्ल्या शोधल्या!

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं. ताई कुंपणाच्या फाटकापाशी उभी होती. शांत.

मी धावत गेलो. आम्हा सगळ्यांच्या कपड्यांना कुसळं चिकटली होती. तिच्या साडीला एकही नव्हतं.

"चला भाऊ, घरी जाऊ," ती म्हणाली.

भाऊ?

घरी ती भिंतीला धरून चालते. हॉलच्या मधून जात नाही. दाजी म्हणाले, दमली असेल. मीही तेच म्हणालो. काय म्हणणार?

आठवड्यानं मी तिथंच राहिलेलं मशीन आणायला गेलो. भर दुपारी. तो गोल तसाच होता. मी जवळ गेलो...

किडे गप्प झाले.

"ढब्ब्या..."

मी होतो तिथंच थांबलो.

"अरे गाढवा, उभा काय राहिलास? मी आहे!"

मी गवतात हात घातले, रडत रडत सगळीकडे चाचपलं. हाताला फक्त काड्या लागत होत्या. आवाज पलीकडच्या कडेला गेला.

"उघड्यावरून नाही रे येता येत... सगळं कापून ठेवलंय मेल्यांनी."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी कुरणात पाणी घालतो. त्या गोलापासून कुंपणापर्यंत एक पट्टा. बागेत झारी घेऊन फिरणाऱ्यांना हसणारा मी, आता टाकीवरून पाइप ओढत नेतो. हसा, हसा. तो पट्टा कमरेएवढा झाला की ताई त्याच्या आडोशानं येईल, असं मला वाटतं. गवत अजून घोट्यापर्यंतच आलंय.

मशीनचं पातं मी काढून माझ्या पलंगाखाली ठेवलं. कॅप्टनला खरं काय ते सांगितलं, तर तो म्हणाला, "झोप काढा जरा."

काल त्याचा फोन आला. दुसरं मशीन मिळालं म्हणे. रविवारी मधलंही साफ करणार.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" मी ओरडलो.

"अहो, तुमच्याच ताईंनी! स्वतः घरी आल्या होत्या. ते मधलं गवत काही ठेवू नका म्हणाल्या."

रविवारी मी त्या गवतात जाऊन बसणार आहे. बघतो कोण मशीन चालवतं ते.

आत्ता हे ताईच्याच घरी बसून लिहितोय. दाजी झोपलेत. ती भिंतीला टेकून माझ्याकडे बघत उभी आहे. मगाशी तिनं विचारलं...

"भाऊ, पातं कुठं ठेवलंत? रविवारपर्यंत कशाला थांबायचं?"