घोड्याच्या पाठीवरची रेघ

डोंगरावरून ढग उतरले, तेव्हा माझे घोडे बास्केटबॉलच्या मैदानात ऊन खात उभे होते.

लाल रंग लागायचा होता अजून. नुसतेच खाकी कागदाचे, साच्यावरून सोललेले, पाठीची चीर पुन्हा चिकटवून वाळत ठेवलेले. तळ्याकडून वारा आला, पहिला थेंब माझ्या नाकावर पडला, आणि मी टोपली घेऊन धावले. धावता धावता पाहिलं तर कुणीतरी माझ्याही आधी पोचलेलं... उंचसा, पातळ शर्टातला, दोन्ही हातांत एकेक घोडा धरून उभा.

मानेला धरून!

"मान सोड! पोटाखाली हात घाल, पोटाखाली!"

तो दचकला. आणि माझ्या देखत दोन्ही घोड्यांनी माना टाकल्या.

"मेले?" त्यानं हळूच विचारलं.

"एक मेला. दुसऱ्याला लकवा झालाय."

"मी मदत करत होतो —"

"कळलं. संतांच्या मूर्ती कोरणाऱ्यांच्या गल्लीतला ना तू?"

"कशावरून?"

"केसांत भुसा आहे. आणि कागदाला हात कसा लावायचा ते ठाऊक नाही."

तो हसला. पाऊस आता चांगलाच लागला होता. बाकीचे घोडे त्यानं पोटाखाली हात घालून, तान्ही मुलं उचलावीत तसे उचलले आणि आमच्या ओसरीपर्यंत आणले. स्वतः मात्र नखशिखांत भिजला.

नाव लेआंद्रो. सगळे आंदोय म्हणतात. लहानपणी आईबरोबर मनिलाला गेलेला, आता काकांच्या हाताखाली कोरीवकाम शिकायला आमच्या पाएते गावी परतलेला. ओसरीत आल्या आल्या तो वाकला आणि रीतीप्रमाणे माझ्या आईचा, नानायचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला.

"अरे, हात खळीचा आहे —" नानाय म्हणेपर्यंत उशीर झाला होता. कपाळावर पांढरा चिकट पट्टा उमटला होता.

"वेंग, फडकं दे त्याला."

मी फडकं दिलं. त्यानं पुसलं, पण भलतीकडेच. तो पट्टा मग तसाच राहिला संध्याकाळभर. मी सांगितलं नाही. छान दिसत होता.

टेबलावर आमचा साचा होता. बातिकुलिंगच्या लाकडाचा घोडा, माझ्या पणजोबांनी कोरलेला, खळ पिऊन पिऊन काळा पडलेला. त्याच्यावर कागदाचे थर द्यायचे, वाळवायचे, पाठीवरून सुरीनं चिरायचे, कागद सोलून काढायचा, चीर चिकटवायची, की झाला आमचा ताका. कागदी घोडा. आता त्या लाकडी पोटात भेग पडली होती. आंदोयनं तिच्यावरून बोट फिरवलं, कुणा म्हाताऱ्याची नाडी बघावी तसं.

"ही वाढणार."

"ठाऊक आहे," नानाय म्हणाली. "जत्रेपर्यंत टिकला तर नशीब."

"मी नवा कोरून देतो." मग माझ्याकडे न बघता — "मेलेल्या घोड्याची भरपाई."

*

साचा आम्हाला रोज कामाला लागायचा, म्हणून तो घरी नेता येईना. मग आंदोयच यायचा, दुपार कलली की. दोरीनं मापं घ्यायचा, डोळे मिटून घोड्याच्या अंगावरून हात फिरवायचा. मी शेजारी कागद फाडत बसायची. ओसरीच्या पत्र्यावर पाऊस, चुलीवर शिजणारी खळ, आणि तो असा डोळे मिटलेला... म्हणजे मला हवं तितकं बघता यायचं.

"काय बघतेस?"

"डोळे मिटलेत ना तुझे?"

"म्हणून तर विचारतोय."

समोरच्या आलिंग बेबांग केळ्याचे रोल तळायच्या. त्यांचा झारा एकीकडे चालायचा आणि तोंड दुसरीकडे. "एवढे दिवस घोड्याला?" त्या रस्त्यापलीकडून ओरडायच्या. "हत्ती असता तर एव्हाना बारसं झालं असतं!"

आंदोयचे कान लाल व्हायचे. माझेही होत असतील, पण मी केस पुढे घ्यायची.

कागद लावताना नानाय गुणगुणायची. तिच्या आईचं गाणं, थराथराचं —

*पहिला थर गं ओला, पाण्याच्या हाताचा,*
*दुसरा थर गं बाई, वाट पाहण्याचा...*

आणि तिसऱ्या थराला शब्दच नाहीत. तिथं ती नुसती 'हं हं' करायची.

"तिसरा कुणाचा?" आंदोयनं एकदा विचारलं.

"तिसरा वाळेपर्यंत तोंड बंद ठेवायचं असतं," नानाय म्हणाली.

अशाच एका दुपारी तो सहज बोलून गेला. इतकं सहज, की मी फाडत होते तो कागद सरळ फाटला, वाकडा नाही.

"महिनाअखेर जहाजावर जायचंय."

"बर्फाला?"

त्यानं भुवया उचलल्या. आमच्याकडे तेवढ्यानं 'हो' होतं.

आमच्या गावातले निम्मे हात बर्फाला गेलेत. मोठमोठ्या जहाजांवर जेवणाची टेबलं मांडतात, त्यांच्या मधोमध बर्फाचा हंस लागतो, आणि तो हंस कोरायला पाएतेचा माणूस लागतो. माझा बापही त्यातलाच. वर्षातून एकदा येतो. खोकाभर चॉकलेटं आणतो, पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसतो, आणि कप कुठे ठेवलेत ते विचारतो. स्वतःच्या घरात! त्याची बोटं गार असतात. लहानपणी मला वाटायचं, बर्फ आत शिरलाय. तेव्हापासून मी मनाशी गाठ मारली होती — कुणावरही जीव जडला तरी चालेल, बर्फाला जाणाऱ्यावर नाही.

"जा की," मी म्हणाले. "सगळेच जातात."

"जा म्हणतेस?"

"मी कोण म्हणणारी?"

 तो दोरी गुंडाळून उठला. पाऊस असतानाच गेला. छत्री इथंच राहिली.

*

नवा साचा त्यानं आणला तो दिवस उघाडीचा होता. फडक्यातून घोडा बाहेर काढला आणि नानायनं तोंडावर हात ठेवला. तोच! तीच मान, तोच जरासा हट्टी जबडा, नाकपुडीचा तोच फुगार. पणजोबा उठून आल्यासारखे.

मग मी पाठ बघितली, आणि हसायलाच लागले. हसू थांबेना.

"काय झालं?" आंदोय घाबरला.

"ही... ही रेघ तू कोरलीस?"

पाठीच्या मधोमध, मानेपासून शेपटीपर्यंत एक खोल रेघ. जुन्या साच्यावर होती तशीच, जिथं जराशी डावीकडे झुकते तिथं झुकलेली. बारीक पटाशीनं, जीव लावून कोरलेली.

"जुन्यावर आहे ना! मला वाटलं, तिथं कापायचं म्हणून पणजोबांनी —"

"पणजोबांनी नाही रे, वेड्या! त्यांनी सपाट पाठ दिली होती. ही आमच्या सुऱ्यांची आहे. कागद चिरताना सुरी लाकडापर्यंत जाते. आधी आजीची गेली. ती डावखुरी, म्हणून रेघ डावीकडे. मग नानायची. वर ही बारीक दिसते ना, ती माझी."

तो वाकून जुन्या साच्याकडे बघत राहिला.

"आणि ही चालणार नाही?"

"पटाशीची रेघ रुंद. ओला कागद आत बसणार, चिरताना फाटणार." मी अजून हसत होते. "संतांचे कपडे कोरणारा तू. दिसली चुणी, की कोरली!"

त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा हसू आपोआप ओसरलं. रागावला नव्हता. कुठंतरी लांब गेल्यासारखा दिसत होता. त्यानं घोडा पुन्हा फडक्यात गुंडाळला.

"दुसरा करतो," एवढंच म्हणाला.

त्यानंतर आलाच नाही. पत्र्यावर पाऊस तेवढा यायचा. आलिंग बेबांगसुद्धा गप्प. उलट एकदा न सांगता केळ्याचा गरम रोल माझ्या हातात ठेवून गेल्या, तेव्हा मला जास्तच कसंतरी झालं.

"जाऊ दे त्याला," मी नानायला म्हणाले. तिनं विचारलं नव्हतं.

ती खळ ढवळत होती. "तुझ्या बापाला मी कधी थांब म्हटलं नाही. वाटायचं, माणसाच्या पायात आपण कशाला यावं."

"म्हटलं असतंस तर थांबले असते?"

"कोण जाणे." पळी थांबली. "ते न कळणंच खळीसारखं चिकटून राहिलंय बघ. निघत नाही."

*

जहाजाच्या आदल्या दिवशी, दुपारी, तो आला. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, आणि घोडा शर्टाच्या आत, पोटाशी धरलेला. तो भिजला होता, घोडा कोरडा होता.

टेबलावर ठेवला. मी पाठ बघितली. गुळगुळीत. लाकडाच्या शिरांच्या लाटा तेवढ्या, कोवळ्या, पिवळसर.

"रेघ?" मी उगीच विचारलं.

"नाही कोरली." त्यानं ओले केस मागे सारले. "मला कोरता येत नाही ती. ती पडावी लागते... मनिलाला बर्फाच्या शिकवणीत मी बर्फाचा हंस केला होता, वेंग. सुंदर झाला होता. लोकांचं जेवण व्हायच्या आत त्यानं मान टाकली. तुझ्या घोड्यासारखी." तो किंचित हसला. "तेव्हा काही वाटलं नाही. त्या दिवशी तुमची रेघ कशी पडली ते कळलं आणि वाटायला लागलं."

"काय?"

"की या पाठीवर तुझी रेघ पडताना कुणीतरी बघायला हवं."

  मी खळ पुढे ओढली, कागद घेतला, पहिला पट्टा घोड्याच्या पाठीवर बसवला. तोही बसला शेजारी. दुसरा त्यानं बसवला, कडा अंगठ्यानं दाबत, नीट. शिकला होता तर! थरावर थर चढले. नानाय आत गेली आणि उगीचच भांडी वाजवत राहिली.

"आता?" काम संपल्यावर त्यानं विचारलं.

"आता वाळायला हवा. वाळल्याशिवाय चिरता येत नाही."

"माझी जीपनी सकाळी सुटते."

"ठाऊक आहे."

*

रात्रभर पाऊस पडला. सकाळी घोड्याला हात लावला तर गारच, बोट दाबलं तर पाणी यायचं. आंदोय आला तेव्हा त्याच्या खांद्याला बॅग होती. ती त्यानं ओसरीच्या कठड्याला टेकवली आणि घोड्यासमोर बसला.

"वाळला?"

"नाही."

"किती वेळ लागेल?"

"ऊन पडलं तर उद्या-परवा."

"आणि नाही पडलं तर?"

"मग... सांगता येत नाही."

कोपऱ्यावर जीपनीचा भोंगा वाजला. एकदा. मग लांबलचक. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "आंदोय! येतोस ना रे?"

आंदोय उठला नाही. माझ्याकडेच बघत होता. आलिंग बेबांगचा झारा तेलावर थबकलेला मला दिसला. आत भांडी वाजायची थांबली.

"थांब," मी म्हणाले.

एवढासा शब्द... पण बाहेर पडला आणि मला हलकं वाटलं. "थांब तू. मला बर्फ नको. काकांकडे जे काम असेल ते कर. रोजच्या खळीत हात घाल, मला चालेल. पण कप कुठे ठेवलेत ते तुला ठाऊक असलं पाहिजे."

त्यानं भुवया उचलल्या.

"असं नाही. तोंडानं बोल."

"बोललो की!" त्यानं बॅग पायानं आत सरकवली. "काकांना कालच सांगून आलोय. चर्चच्या वेदीचं काम घेतलंय त्यांनी, मी लागणार आहे त्यांना. बॅग भरली ती... तू काही म्हणतेस का, ते बघायला."

"लबाड!"

ड्रायव्हरनं पुन्हा हाक मारली. आंदोयनं मान वळवली आणि ओठांचा चंबू करून टेबलावरच्या घोड्याकडे दाखवलं — हा वाळायचाय अजून.

ड्रायव्हरनं घोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसत गाडी पुढे काढली. रस्त्यापलीकडून आलिंग बेबांग ओरडल्या, "बघा, हत्ती निघाला शेवटी!"

ऊन त्या दिवशी पडलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. आम्हाला घाई नव्हती. आंदोय काकांकडून सुटला की येऊन घोड्याला हात लावून बघायचा, आणि मान हलवायचा, आणि मग बसायचा. नानाय खळ ढवळत तिचं गाणं म्हणायची. तिसऱ्या थराला ती 'हं हं' करायची, आणि आता त्यात एक जाडा, बेसूर आवाज मिसळायचा.

मग एका सकाळी तळं चकाकलं. दुपारपर्यंत कागद टणटणीत वाजू लागला. मी सुरी घेतली, मानेपाशी टेकवली आणि शेपटीपर्यंत ओढली. कागद दोन्ही बाजूंनी पाकळीसारखा उकलला. आतून पिवळं, नवं लाकूड.

आंदोय वाकला. त्याचं डोकं माझ्या डोक्याला लागलं.

"दिसत नाही," तो म्हणाला.

मी त्याचं बोट धरलं. गरम होतं. ते घोड्याच्या पाठीवर ठेवलं, आणि मानेकडून शेपटीकडे नेलं, सावकाश.

"लागली," तो पुटपुटला. "केसाएवढी... लागली, वेंग."