काट्यावर दोघी

भुतं रात्रीच येतात असं ज्याने कुणी पसरवलं, त्याच्यावर प्लाझ्मा विकायची वेळ आली नसणार.

माझ्या बाबतीत घडलं ते सकाळी सव्वादहाला. नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. अमेरिकेतल्या एल पासोमध्ये, सरहद्दीच्या पुलावरून उतरून दहा मिनिटं चाललं की लागणाऱ्या प्लाझ्मा सेंटरमध्ये. पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली, चाळीस माणसांच्या देखत.

सेंटरचं नाव सांगणार नाही. चूक त्यांची नव्हती.

चूक माझी होती. ती आधी सांगते, म्हणजे तुम्ही उगाच माझी कीव करत बसणार नाही.

मी ग्रिसेल्दा. घर नदीच्या अलीकडे, मेक्सिकोतल्या हुआरेसमध्ये. घरात आई, मी आणि अकरा वर्षांनी धाकटी बहीण ब्रिसा. मी गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायच्या कारखान्यात कामाला. आई कपडे शिवते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या मशीनची मोटर जळाली आणि आईचे हात रिकामे झाले. ती दिवसभर खिडकीत बसून राहायची. मला ते बघवत नव्हतं.

प्लाझ्मा द्यायला मी आठवड्यातून दोनदा पूल ओलांडत होतेच. हातातून रक्त काढतात, त्यातलं पिवळं पाणी बाटलीत ठेवून घेतात, लाल भाग परत अंगात सोडतात. त्याचे पैसे मिळतात आणि त्याला दान म्हणतात. हसू नका, मीही दहा वर्षं तेच म्हणत आले.

पण जुन्या माणसाला पैसे कमी. नव्या माणसाला पहिल्या खेपांना भरपूर. आणि जो नवं माणूस घेऊन येतो त्याला वर बक्षीस.

मी ब्रिसाला घेऊन गेले.

अडचण एकच होती. वजन एकशे दहा पौंडांच्या खाली असेल तर दारातूनच परत पाठवतात. ब्रिसा एकशे सहा. आपल्या हिशोबाने अठ्ठेचाळीस किलो. दोन किलो कमी.

एक किलो पाणी प्यायली. दुसरा किलो मी शिवला.

काट्यावर चढण्याआधी बूट काढायला लावतात, खिसे रिकामे करायला लावतात. पँटच्या मुडपीत कोण बघतंय? मी कारखान्यातून मोठे लोखंडी नट आणले. एका पायाला पंधरा, दुसऱ्या पायाला पंधरा. आदल्या दिवशी दुपारी आई बाजारात गेली तेव्हा, हातानेच शिवले.

"चालताना वाजतात गं," ब्रिसा म्हणाली.

"मग पाय घासत चाल. तसंही तू तशीच चालतेस."

"आईला सांगायचं?"

"आईला मशीन दाखवायचं. बाकी काही सांगायचं नाही."

काट्याने एकशे दहा दाखवलं. वर नावापुरतं जास्त. ब्रिसाने मागे वळून मला डोळा मारला.

नव्यांची तपासणी लांबते. तिला खाट मिळेपर्यंत बारा वाजले. माझी खाट शेजारीच होती. दोघींच्या मध्ये हात पोहोचेल एवढंच अंतर.

"दिवा लाल झाला की मूठ आवळायची, सोडायची, आवळायची," मी तिला शिकवलं. "हिरवा झाला की थांबायचं. तेव्हा रक्त परत येतं. ओठांना मुंग्या येतील, थंडी वाजेल. घाबरायचं नाही."

"मी नाही घाबरत," म्हणाली, आणि मोकळ्या हाताने माझा हात धरला.

दिवा लाल झाला की ती दोन्ही हात आवळायची. एक स्वतःची मूठ, दुसरा माझा हात. नखं खायची सवय होती तिला. बोटांची टोकं बोथट, खरखरीत. दिवा हिरवा झाला की सोडायची. बाटलीकडे बघून म्हणाली, "ग्रिस, हे तर बिअरसारखं दिसतंय. माझ्या अंगात बिअर आहे आणि मला चढत कशी नाही?"

झाल्यावर तिथल्या बाईने सांगितलं, अर्धा तास बसा, काहीतरी खा, उन्हात फिरू नका.

मी बसू दिलं नाही. साडेतीनला माझी पाळी सुरू होणार होती.

"पाय जड झालेत. ते नट उसव ना," ब्रिसा दारात म्हणाली.

"इथे कात्री कुठाय? घरी गेल्यावर उसवू."

ऑगस्टचं ऊन. पुलावर रांग. अगदी मध्यावर, जिथे चढ संपतो तिथे, ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग गुडघ्यातून खाली गेली आणि डोकं कठड्यावर आपटलं.

डोकं आपटल्याचा आवाज मला आठवत नाही.

मला नटांचा आवाज आठवतो… खळळ…

संध्याकाळी इकडच्या हॉस्पिटलमध्ये ती गेली. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा, ऊन, डोक्याला मार. आईने विचारलं, "तुम्ही गेला होतात कुठे?" मी म्हणाले, "खरेदीला." नटांची मला भीती होती, पण आई म्हणाली की हॉस्पिटलने कपडे परत दिलेच नाहीत. मी सुटकेचा निःश्वास टाकला. हो, टाकला. बहिणीचं प्रेत घरात होतं आणि मला हायसं वाटलं.

मशीनला नवी मोटर बसली. त्या पैशांतूनच बसली. आईने विचारलं नाही.

तीन महिने मी पूल ओलांडला नाही. मग कारखान्याने पाळ्या कमी केल्या आणि मी निमूटपणे निघाले.

आता तो मंगळवार.

काट्यावर तीच, ब्रिसाचं वजन घेतलेली बाई होती. माग्दा. लांब नखांची, तोंडाने फटकळ. मी बूट काढले, खिसे रिकामे केले, चढले. माझं वजन एकशे तेवीस, म्हणजे छप्पन्न किलो. वर्षानुवर्षं तेवढंच.

आकडे फिरले…

दोनशे एकोणतीस.

माग्दाने आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काय गं, ख्रिसमसचे तामाले आत्तापासूनच खायला लागलीस?"

मागच्या रांगेतले हसले.

"उतर. परत चढ."

दोनशे एकोणतीस.

"दोघी मिळून चढलात की काय?" माग्दा म्हणाली. तिने मला बाजूला केलं, स्वतः चढून पाहिलं. तिचं बरोबर आलं. तिने तोंड वाकडं केलं.

आणि माझ्या मनात वजाबाकी झाली. मला करायची नव्हती. दोनशे एकोणतीसमधून एकशे तेवीस गेले की उरतात…

एकशे सहा.

पाण्याशिवाय. नटांशिवाय. तिचं खरं वजन.

तेवढ्यात ऐकू आलं.

खळळ…

माग्दानेही ऐकलं. ती तडक खाली बसली आणि माझ्या पँटची मुडप बोटांनी चाचपू लागली. "आम्ही काय वेड्या आहोत इथे? काय शिवून आणलंस?"

"काही नाही."

खरंच काही नव्हतं. तिने दोन्ही पाय चाचपले. तिची बोटं माझ्या घोट्याजवळ असताना तो आवाज पुन्हा झाला… पण माझ्या पायाजवळ नाही.

आत. खाटांच्या बाजूला. कुणीतरी पाय घासत चालत गेल्यासारखा.

माग्दा उठली. तिचा चेहरा उतरला होता. "चढ," ती हळूच म्हणाली.

चढले. एकशे तेवीस.

"काटा बिघडलाय," असं म्हणत तिने लिहून घेतलं. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. मी तेव्हाच घरी जायला हवं होतं. पण पैसे लागत होते, आणि पैसे लागले की माणूस काटा बिघडलाय असंच म्हणतो.

मला सहा नंबरची खाट मिळाली. तीच, ऑगस्टमधली.

शेजारची खाट रिकामी होती. सगळ्या खाटा भरलेल्या, ती एकच रिकामी.

सुई टोचली. यंत्र घरघरू लागलं. मी छताकडे बघत पडले. मग सहज नजर गेली… शेजारच्या खाटेची गादी मधोमध दबलेली होती. डोक्याच्या जागी एक खळगा. टाचांच्या जागी दोन.

दिवा लाल झाला. मी मूठ आवळली.

माझा दुसरा हात खाली लोंबत होता. दोन खाटांच्या मध्ये.

कुणीतरी तो आवळला.

सोडला. आवळला. सोडला.

थंडगार हात. बोथट टोकं. खरखरीत.

मला ओरडायचं होतं, पण ओठांना मुंग्या आल्या होत्या आणि जीभ हलेना. दिवा हिरवा झाला. हात थांबला. शहाण्या मुलीसारखा, मी शिकवलं होतं तसा, थांबला. माझं रक्त परत यायला लागलं. अंगभर थंडी पसरली.

दिवा पुन्हा लाल झाला. आवळला. सोडला.

सहा वेळा. मी मोजलं नाही, यंत्र मोजतं.

शेवटी दिवा हिरवा झाला तेव्हा मात्र तिने हात सोडला नाही… उलट जास्त आवळला. आणखी. आणखी. ऑगस्टमध्ये दारात उभी राहून तिने एकच गोष्ट मागितली होती. ती मी दिली नव्हती.

मी किंचाळले. माग्दा धावत आली. तिने सुई काढली, पट्टी बांधली आणि शेजारच्या खाटेकडे पाठ करून म्हणाली, "परत येऊ नकोस. कारण विचारू नकोस. मी कागदावर काही लिहीत नाही, पण तू येऊ नकोस."

ब्रिसा तिथेच राहिली असती तर बरं झालं असतं. पण पुलावर, मध्यावरचा चढ संपला आणि माझे पाय जड झाले.

ती माझ्यासोबत घरी आली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान आहे. बाहेर नाणं टाकायचा वजनकाटा. रोज चढायचे मी. छप्पन्न आणि अठ्ठेचाळीस, एकशे चार किलो. रोज. आरशात मी तीच, वाळकी. बूट मात्र आठवडाभरात झिजले. खाटेच्या फळीला तडा गेला. आणि एका रविवारी जेवायला बसले तर प्लास्टिकची खुर्ची चारही पाय फाकवून खाली बसली.

आई समोर होती. हातात टॉर्टिया. तिने खुर्चीकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्याच्या जरा मागे पाहिलं.

"ग्रिसेल्दा," ती म्हणाली. पूर्ण नावाने ती रागावल्यावरच हाक मारते. "किती शिवले होतेस?"

मी जमिनीवरूनच विचारलं, "काय?"

आई उठली, बटणांचा डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. बटणांत लोखंडी नट होते. तीस.

"कपडे दिले होते हॉस्पिटलने. मी भिजवले तर टबात वाजले. मुडप उसवून पाहिली." ती अगदी शांत होती. "तू डावरी आहेस. तुझा टाका उलटा तिरपा जातो. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून सांगतेय सरळ घाल म्हणून."

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"तू कधी सांगतेस ते बघत होते."

मग मी सगळं सांगितलं. बक्षिसाचंसुद्धा. घाईचं, कात्रीचं. रडले, पाय धरले. आईने पाय काढून घेतले. शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती तर मी तिचे हात चुंबले असते. तिने शाल घेतली आणि बाहेर पडली. मी मागे.

औषधाच्या दुकानासमोर ती काट्यावर चढली. आई बेचाळीस किलोची. मधुमेहाने नुसती हाडं राहिलीत.

नाणं टाकलं. बेचाळीस.

मग ती माझ्याकडे वळली. माझ्याकडे म्हणजे माझ्या शेजारी. हात पुढे केला. असा आवाज मी तिच्या तोंडून तीन महिन्यांत ऐकला नव्हता.

"चल गं माझी पोर. ये इकडे. हिच्याकडे नाही राहायचं."

खळळ… खळळ…

काटा हलला. साठ. पंच्याहत्तर. नव्वदवर थांबला.

माझे पाय हलके झाले. एकदम. तोल जाऊन मी भिंत धरली.

या गोष्टीला आता वर्ष होईल. आई पूर्वीपेक्षा हळू चालते. पायऱ्या चढताना गुडघे धरते. दवाखान्यातली नर्स दर महिन्याला काटा बिघडला म्हणते आणि आई तिला म्हणते, "नाही, बरोबर आहे." शिवताना कुणाशी तरी बोलते, हसते. मी खोलीत गेले की गप्प होते. नट पुन्हा बटणांच्या डब्यात आहेत. डबा मला उघडू देत नाही.

माझी सुटका झाली. तुम्ही म्हणाल, चांगलं झालं.

पण मी अजून रोज त्या दुकानासमोर थांबते. नाणं टाकते, चढते, श्वास धरून उभी राहते. काहीच वाजत नाही. आकडे फिरतात…

आणि छप्पन्नवर थांबतात.