चादरीचा चौथा तुकडा

तुमचा कोट झाला नाही, कबूल. कपडे शिवणाऱ्यांकडे बहाण्यांना काय तोटा, असं मनात म्हणत असाल. म्हणा. पण आलाच आहात तर दोन मिनिटं टेका, खरं कारण सांगते.

आमचा म्हातारा तुम्ही पाहिलाय. म्हातारा म्हणजे कुत्रा हो, नवरा कुठला आलाय माझ्या नशिबी! घरात तीन जनावरं होती. म्हातारा, त्याची जोडीदारीण धाकटी, आणि बाईसाहेब, म्हणजे ही मांजर. दोन वर्षांपूर्वी धाकटी गेली आणि म्हाताऱ्याने अन्नच सोडलं. भांड्यातलं अर्धं खायचं आणि अर्धं तिच्यासाठी ठेवायचं, ही त्याची रोजची सवय. आता अख्खं भांडं तसंच पडून. डॉक्टरांनी त्याच्या बरगड्या चाचपल्या. "औषध नाही याला. सोबत आणा कुणीतरी. नाहीतर फार तर पंधरा दिवस."

तडक भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात गेले. तिथली ताई भलती कडक. "तुम्ही नाही निवडायचं," म्हणाली. "तो झोपतो ती चादर आणा." तिची पद्धत अशी, की चादरीचे तुकडे करायचे, पिंजऱ्यापिंजऱ्यात एकेक टाकायचा आणि रात्र जाऊ द्यायची. जो कुत्रा तुकडा फाडणार नाही, ढकलणार नाही, त्यावर गुमान झोपेल, तो तुमचा. मी चार तुकडे केले, सवयीने कडाही दुमडून शिवल्या. पण देण्याजोगी कुत्री निघाली तीनच. चौथा तुकडा ताईने टोकाच्या रिकाम्या पिंजऱ्यात टाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याला घेऊन गेले. चालवत नव्हतं त्याला, अर्धी वाट उचलूनच नेला. पहिल्या कुत्र्याने तुकड्याच्या चिंध्या केल्या होत्या. दुसऱ्याने ओला करून ठेवला होता. तिसऱ्याने गजांखालून बाहेर ढकलला होता. मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात म्हातारा धडपडून माझ्या हातातून उतरला, आपल्या पायांनी टोकापर्यंत गेला, आणि त्या रिकाम्या पिंजऱ्यासमोर बसून शेपटी हलवायला लागला.

आत तुकडा नीट पसरलेला होता. मधोमध गोल खळगा, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखा. कडी बाहेरून लावलेली. ती काढून मी आत हात घातला... तुकडा गरम होता.

"इथे ऊन येतं का?" मी विचारलं.

"नाही." मग ताईने आवाज खाली आणला. "या पिंजऱ्यात आम्ही कुणाला ठेवतच नाही हो. ठेवलं की रात्रभर रडतात..."

मी तरी काय करणार होते? धाकटी गेल्यापासून पहिल्यांदा त्याची शेपटी हलली होती. मी तुकडा खांद्यावर टाकला, पिंजऱ्याचं दार उघडं धरलं आणि म्हटलं, "चल बाबा, येतोस तर ये."

"असं बोलावू नका..." ताई म्हणाली. तोवर म्हातारा चालायलाही लागला होता. डावी बाजू मोकळी ठेवून, धाकटी बरोबर असताना चालायचा तसा.

घरी आल्यावर त्याने अर्धं भांडं खाल्लं आणि मागे सरून बसला. मी मशीनवर एक शिवण मारून आले, तर भांडं लख्ख. बाईसाहेब दारातून आल्या आणि म्हाताऱ्याशेजारच्या मोकळ्या जागेला लांबून वळसा घालून गेल्या. पहिले चार दिवस मला झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू. पुढे मीही वळसा घालायला लागले. म्हातारा दोन वर्षं जगला, आणि मजेत जगला. मला अजून काय हवं होतं?

गेल्या आठवड्यात तो झोपेतच गेला. वय झालं होतं, तक्रार नाही. पण तेव्हापासून भांडं भरलेलं ते भरलेलंच. आणि मशीन थांबली की त्याच्या कोपऱ्यातून बारीक कण्हणं ऐकू येतं, चांगलं दिवसाउजेडी. भीती नाही वाटली मला. जीव तुटला. असं उपाशी झुरणं मी एकदा पाहिलंय ना.

म्हणून त्यालाही सोबत शोधायला परवा तोच चौथा तुकडा कापला. तीन भाग निवाऱ्यात दिले, एक कोपऱ्यात राहू दिला. काल सकाळी ताईने ते तिन्ही पिशवीत घालून, हात लांब करून परत केले. "कुत्री रात्रभर मागच्या भिंतीला चिकटून उभी होती. कुणीच जवळ करणार नाही हो त्याला... आता परत आणू नका."

काल कात्री हातात घ्यायची इच्छाच होईना, म्हणून कोट राहिला. मशीनशेजारी जमिनीवरच डोळा लागला. सकाळी जाग आली तेव्हा कोपऱ्यातला तो तुकडा माझ्या गालाखाली होता. मी आणला नव्हता. पण फाडलाही नव्हता, ढकललाही नव्हता. रात्रभर त्यावर गाढ झोपले होते.

भांड्यात बरोबर अर्धं ठेवलेलं होतं.

आता पाहा, लख्ख आहे. आणि बाईसाहेब सकाळपासून मला लांबून वळसा घालून जातायत.